आजींचा ऑफ

१२ फेब्रुवारी २००४

बालवाडी बंद झाली तरी संध्याकाळी लिहायला बसायची सवय गेलेली नाही. आधी मुलांचं लिहायचे. कोण आलं, कोण रडलं, कुणी खिचडी सांडली. आता स्वतःचं लिहीन म्हणते.

आज कल्याणला ब्युरोत जाऊन आले. म्हाताऱ्या माणसांजवळ राहायला बायका पाठवतात, ते ऑफिस. किन्हवलीहून सरळगाव, मग मुरबाड, असं एसटी बदलत गेले. दवाखान्याच्या वर दोन खोल्या आहेत. शिर्के मॅडम टेबलामागे बसतात आणि बोलता बोलता फोन घेतात. त्यांनी माणसाला उठवून कसं बसवायचं, कूस कशी बदलायची, पाठ कशी पुसायची ते दाखवलं. एक बाई पेशंट होऊन गादीवर पडली होती, तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसत सुटली. मला हे सगळं येतं. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात वर्षभर दुसरं काय केलं?

मॅडमनी नाव विचारलं. मी पूर्ण सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरच्यांना नुसतं रत्ना सांगत जा. सोपं पडतं. आणि नाय नाय म्हणू नका, नाही म्हणा." मी हो म्हणाले.

बाकावर शेजारी तानी नावाची बाई होती, उंबरमाळीकडची. नवीन का, विचारलं. म्हणाली, "नाय गो, चार वर्सं झाली. माजे बाबा काल ऑफ झाले. आता दुसरी ड्युटी देतील तिकडं जायाचं." बायांना महिन्यातून दोन ऑफ असतात हे मॅडमनी सांगितलं होतं. पेशंटलाही ऑफ असतो हे मला नवीन. मुलाकडे वगैरे गेले असतील राहायला. तानीचे डोळे सुजलेले दिसत होते. जागरणाची कामं ही.

१५ फेब्रुवारी

नथूच्या दुकानात मॅडमचा फोन आला. गावात फोन तेवढा एकच, नथूचा. कल्याणला टिपणीस नावाच्या आजी आहेत, ब्याऐंशीच्या, खुब्याचं हाड मोडलेलं. एकट्या राहतात. चोवीस तासांची ड्युटी, म्हणजे तिथंच राहायचं.

आत्याला सांगितलं. आत्या म्हणजे माझी सासू, कमळाबाई. आम्ही दोघीच आहोत घरात. लेक नम्रता मुरबाडला सासरी. आत्या तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"सवताची सासू एकटी टाकून दुसऱ्याची म्हातारी धुवाया चाललीस."

"आत्या, इथं काही मिळालं असतं तर गेले असते का? शेजारची गोदू रोज डोकावेल."

"मी काय म्हनलं? जा. समदी जातात."

तेव्हापासून बोलत नाही. जेवण वाढते, पण ताट सरकवते.

१९ फेब्रुवारी

आजींच्या घरी येऊन तीन दिवस झाले. तिसरा मजला, खिडकीतून दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. लेक शैलाताई पार्ल्याला असतात, त्या सगळं समजावून गेल्या. औषधं, पथ्य, पट्ट्या बदलायच्या वेळा. स्वयंपाकाला वेगळी बाई येते, मी ओट्याला हात लावायचा नाही. माझ्यासाठी एक कप वेगळा काढून ठेवलाय. स्वच्छतेसाठी असेल.

आजी मला म्हणाल्या, "तुझ्याआधीच्या तिघी पळाल्या. तू कधी पळणार ते आधी सांग, म्हणजे मी सवय करून घेणार नाही."

मी म्हटलं, "मी हळू चालते आजी, पळता येत नाय." मग जीभ चावली. नाही म्हणायचं होतं.

त्या हसल्या नाहीत. पण उठवताना माझ्या खांद्यावर भार टाकला. पहिल्या दिवशी कॉट धरून बसत होत्या.

८ मार्च

पहिल्या ऑफला घरी गेले. आत्यानं अंगण सारवून ठेवलं होतं. गोदू म्हणाली, कालपासून रस्त्याकडं बघतेय.

जेवताना आत्यानं विचारलं, "कशी हाय तुजी म्हातारी?"

"रागीट."

"मंग बरी हाय." थोड्या वेळानं, "खाते का?"

"खात नाहीत फारसं. गव्हाची पोळी चावत नाही म्हणतात."

निघताना तिनं एक स्टीलचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. आत तांदळाचं पीठ, धुऊन दळलेलं. "दया नाय करत मी कुनावर. तिला सांग, सून उसनी दिलीय. परत करायची." आणि मी पायरी उतरल्यावर मागून, "डबा पन."

१० मार्च

आजींना निरोप सांगितला. सांगू की नको असं झालं होतं. त्यांनी डब्याचं झाकण उघडून पिठाचा वास घेतला, बराच वेळ.

"आणलंस ते आणलंस, आता थापणार कोण? ती स्वयंपाकवाली? तिच्या भाकरीनं दार अडकवून ठेवता येईल. जा आत."

मी म्हटलं, "शैलाताईंनी ओट्याला..."

"घर माझं आहे. शैलाला सांगायची गरज नाही."

उकड काढून भाकरी केल्या. त्यांनी दीड खाल्ली, दुधात कुस्करून नाही, तोडून तोडून. मग म्हणाल्या, "तुझ्या सासूला कळव, सून आळशी निघाली. भाकरी मात्र थापते."

२ एप्रिल

डबा लिंबाच्या लोणच्यानं भरून गेला होता. उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत, ते आजींकडेही तसंच आहे. आत्यानं लोणचं चाखून तोंड वाकडं केलं. "साखर घातलीय. लोनच्यात साखर. ह्या लोकांचं काय कळत नाय." बाटलीत काढून ठेवलं, ती दोन दिवसांत निम्मी झाली.

जाताना त्याच डब्यातून नाचणीचे पापड दिले. "म्हनावं, दात नसतील तर चोखून खा."

आजी म्हणाल्या, "दात आहेत म्हणावं. ग्लासात."

दोन म्हाताऱ्यांनी मला पोस्टमन करून ठेवलंय. दोघी एकमेकींबद्दल वाईट बोलतात आणि एकमेकींची चौकशी करतात. मी इकडे असले की मला आत्याची काळजी, तिकडे गेले की आजींची. कुठंच पूर्ण नसते. हे कुणाला सांगणार?

२१ एप्रिल

आज शैलाताई येऊन गेल्या. आजींची छाती तपासायला डॉक्टर आले होते. जिन्यात दोघं हळू बोलत होते. नंतर शैलाताई आजींना म्हणाल्या, "आई, थोडे दिवस माझ्याकडे चल पार्ल्याला." आजी म्हणाल्या, "बघू."

शैलाताईंचं नाक लाल झालं होतं. सर्दीचे दिवस आहेत.

५ मे

काल बुद्धजयंती होती म्हणून ऑफ मागून घेतला होता. आज परत आले तर आजींनी विचारलं, काल काय असतं तुमच्याकडे? सांगितलं. वंदना, खीर, संध्याकाळी सगळे विहारात जमतो. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुझं नाव नुसतं रत्ना नसणार."

"संघरत्ना."

"मग रत्ना कोण म्हणालं?"

"ब्युरोत सांगितलं, सोपं पडतं."

"मला काही अवघड पडत नाही. माझे दात ग्लासात आहेत, जीभ नाही." आणि लगेच, "संघरत्ना, चष्मा दे."

चष्मा नाकावरच होता.

१९ मे

हल्ली आजी लवकर दमतात. आंघोळ झाली की पडूनच राहतात. उन्हाळ्याचं असं होतं. पण आज खुशीत होत्या, शेवळांवर बोलत बसल्या. जून लागता लागता आमच्याकडच्या रानात जमिनीतून नुसता कोंब वर येतो, जांभळट तपकिरी. त्याची भाजी. पंधरा-वीस दिवस मिळते, मग वर्षभर नाही. नीट साफ केली नाही, आंबट कमी पडलं, की घसा खाजतो.

"मुरबाड-शहापूरच्या बाया पाटीत घेऊन यायच्या," आजी सांगत होत्या. "मी जिन्यात पाटी उतरवायला लावायची आणि निम्म्या भावात मागायची. बाया अशा चिवट. तुझी सासू असेल त्यातलीच एखादी."

"ती विकायची खरी कल्याणात. लग्नाआधीपासून."

"मग तीच. एक होती, तोंडानं फटकळ. म्हणाली होती, बाई, खाज भाजीत नाय, तुमच्या तोंडात हाय." आजी हसता हसता खोकल्या. पाणी दिलं. पाठ चोळली. पाठीचे मणके बोटांना मोजता येतात आता.

मग म्हणाल्या, "दोन वर्षं खाल्ली नाहीत. यंदा आण. चिंचेचा कोळ घालून, ओल्या खोबऱ्याचं दूध घालून. मी सांगते तसं करायचं."

"आत्या काकडं घालते. रानातली ती आंबट हिरवी फळं. चिंच घातली तर शेवळाचा अपमान म्हणते."

"तुझ्या सासूला म्हणावं, अपमान मी बघून घेईन."

मी कबूल केलं. जूनच्या ऑफला आणते म्हटलं.

२ जून

उद्या घरी जाणार. चार दिवस मिळाले आहेत, राहिलेले ऑफ जोडून. बदलीची बाई आली, तिला सगळं दाखवलं. आजींनी माझा हात सोडला नाही बराच वेळ. "लवकर ये. ही माझा हात फळीसारखा धरते," असं तिच्यासमोरच म्हणाल्या. बदलीची बाई माझ्याकडे बघून हसली, बिचारी.

"सोमवारी शेवळं घेऊन हजर," मी म्हटलं.

"बघू," आजी म्हणाल्या.

४ जून

वळवाच्या दोन सरी होऊन गेल्यात. आत्या म्हणते अजून दोन दिवस, मग कोंब वर येतील. जिन्यातल्या बाईची गोष्ट आत्याला सांगितली. ती बराच वेळ आठवत राहिली. "जिन्यात उतरवायला लावायच्या समद्याच. वर कोन बोलवत व्हतं? पन खाज तोंडात हाय असं मीच म्हनलं आसंल. माजंच तोंड ते."

६ जून

नथू स्वतः घरी आला सांगायला. "वैनी, ब्युरोतल्या पोरीचा फोन आलता. आजीचा ऑफ झालाय म्हनं. तिकडं जायाची गरज नाय, सवडीनं ब्युरोत या."

म्हणजे शैलाताई शेवटी घेऊन गेल्या पार्ल्याला. एवढे दिवस बघू बघू चाललं होतं. मी दुकानात जाऊन आजींच्या घरी फोन लावून बघितला, घंटी वाजत राहिली, कुणी घेतला नाही. गेल्याच तर. बरं झालं. लेकीकडे चार दिवस राहतील, जिवाला बरं वाटेल. मलाही घर मिळालं.

आत्याला सांगितलं तर म्हणाली, "बग, तिला पन माहेर हाय."

८ जून

आज आत्या आणि मी रानात गेलो. ती पुढं, काठी टेकत, मी मागं. पाचोळा बाजूला करून तिला कोंब दिसतात, मला ती दाखवते तेव्हाच दिसतात. गुडघे दुखतात म्हणत म्हणत टेकडी चढली. मला वाटलं होतं आपल्याला खायला. पण तिनं सगळ्यात कोवळी शेवळं वेगळी काढली, पळसाच्या पानात गुंडाळली, ओला कपडा लावला. काकडं कागदात.

"ही तिची. चिंच घालशील तर माज्या घरात पाऊल टाकू नको."

किती महिन्यांनी आम्ही दोघी अशा फिरलो. ती गुणगुणत होती. मी ऐकलंय हे तिला कळू दिलं नाही.

९ जून

शेवळं फार टिकत नाहीत. उद्या कल्याणला जातेच. आजी आल्या असल्या तर उत्तम, नसल्या तर शेजारी फ्रीजमध्ये ठेवायला देईन आणि ब्युरोत विचारून घेईन किती दिवसांचा ऑफ आहे.

१० जून

आज लिहिता येत नाही.

११ जून

लिहायला हवं.

बेल वाजवली तर दार शैलाताईंनी उघडलं. आतल्या खोलीत कपाट उघडं होतं, साड्या कॉटवर काढलेल्या. कॉटवर गादी नव्हती. मी तरीही म्हणाले, "आजी आल्या का पार्ल्याहून? संपला का ऑफ त्यांचा?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "रत्ना, तुला काय सांगितलं ब्युरोनं?"

"आजी ऑफ झाल्या म्हणून."

माझ्याच तोंडून तो शब्द मी ऐकला आणि मला बाकावरची तानी दिसली. तिचे डोळे दिसले.

शनिवारी दुपारी गेल्या. झोपेतच. बदलीची बाई खोलीत होती. शैलाताई म्हणाल्या, "मला वाटलं, निरोप मिळूनही तू आली नाहीस. राग आला होता मला तुझा." मी खाली बसले. पिशवी मांडीवर होती. पळसाचं पान ओलं लागत होतं. मी घरी सुट्टी भोगत होते. रानात फिरत होते. गाणं ऐकत होते.

शैलाताईंनी पिशवीत काय आहे विचारलं. मी दाखवलं. त्या आत गेल्या आणि फ्रीजमधून नारळाची वाटी घेऊन आल्या, झाकलेली. "शनिवारी सकाळी आईनं फोन केला होता. म्हणाली, संघरत्ना सोमवारी शेवळं आणतेय, येताना नारळ आण. मी विचारलं, संघरत्ना कोण? खूप चिडली माझ्यावर."

वाटी हातात धरून त्या तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मला ही भाजी येत नाही. आई कधी हात लावू द्यायची नाही, खाजेल म्हणायची."

मी उठले. आधी हाताला तेल लावायचं, आजींनी सांगितलं होतं. मी सोलत गेले, सांगत गेले, शैलाताई चिरत होत्या. आंबटाशी येऊन मी थांबले. आजी चिंच म्हणायच्या, आत्यानं काकडं दिली होती. दोघींचं भांडण सांगितलं. शैलाताई म्हणाल्या, "दोन्ही घाल."

दोन्ही घालून भाजी बिघडली. किंवा आमच्या हाताकडं आमचं लक्ष नव्हतं. पहिल्या घासाला घसा खाजायला लागला. पानांसमोर आम्ही दोघी डोळे पुसत बसलो, पाणी पीत, एकमेकींना खाजतंय, खाजतंय म्हणत. पण भाजी शिल्लक ठेवली नाही. नंतर त्यांनी चहा केला. माझा तो वेगळा कप सापडला नाही, दोन्ही कप सारखेच होते.

निघताना त्यांनी आत्याचा डबा दिला. "आईनं बजावलं होतं, कमळाबाईंचा डबा रिकामा जाऊ द्यायचा नाही. मला काही सुचलं नाही."

घरी पोचले तेव्हा आत्या चुलीपुढं होती.

"खाल्ली का तुज्या म्हातारीनं?"

माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. "आत्या, आजी ऑफ झाल्या."

"ते ठाव हाय. किती दिसांचा?"

तिनं फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातला डबा घेतला आणि झाकण उघडलं. आत साखर होती. बोटानं थोडी उचलून तिनं जिभेवर ठेवली.

"रिकामा नाय धाडला," ती म्हणाली.

मग ती चुलीपासून थोडी सरकली, एक माणूस बसेल एवढी. मी बसले.

२२ जून

नथूनं मला दुकानात हाक मारून बोलावलं. खाली मान घालून म्हणाला, "वैनी, मी जसं ऐकलं तसंच सांगितलं गो." मी म्हटलं, मीही तसंच ऐकलं. त्याच्या बायकोनं चहा दिला.

ब्युरोचा फोन परत येणार होता, म्हणून थांबले. या वेळी मीच घेतला. शिर्के मॅडम म्हणाल्या, मुरबाडला एक आजी आहेत, नव्वदीच्या, उठता येत नाही. बारा तासांचीही ड्युटी चालेल, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. कधी येता? मी उद्या सांगते म्हणाले. मला भीती वाटते. पुन्हा कुणाची तरी पाठ चोळायची, चष्मा द्यायचा, आणि एक दिवस ब्युरोतली पोरगी तेच म्हणणार. आता तर मला शब्द कळतो.

हे आत्याला सांगितलं. ती जात्यावरच्या फडक्यानं हात पुसत होती. तशीच आत गेली. डब्यातली साखर तिनं बरणीत काढून घेतली होती, डबा घासून ठेवला होता. त्यात पीठ भरायला लागली.

"आत्या, मी जाते म्हटलं नाही अजून."

"मंग म्हन. म्हातारी उपाशी ऱ्हाईल तिकडं." पीठ दाबून बसवलं, झाकण लावलं. "नाव काय हिचं?"

"विचारलं नाही."

"मंग इचार," आत्या म्हणाली. "आन् तुजं पुरं सांग."